कमी खर्चात एडिटिंगचा पीसी वेगवान करायचा: प्रोसेसर बदलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न, साखरपुडा, शाळेचं गॅदरिंग, यूट्यूबवरच्या रेसिपी अशी कामं करणाऱ्यांचे पीसी बहुधा पाच-सहा वर्षांपूर्वी जोडलेले असतात. तेव्हा फुटेज फुल एचडी होतं. मधल्या काळात कॅमेरा ४के झाला, मशीन मात्र तेच राहिलं. खालचे प्रश्न अशा मशीनवर काम करणाऱ्यांचे आहेत. सुट्या भागांचे भाव दर आठवड्याला हलतात, त्यामुळे त्यांच्या किमती मुद्दामच दिलेल्या नाहीत.

प्रोसेसर बदलला की एडिटिंग सुसाट होईल ना?

होईलही, नाहीही. आधी मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

नेहमीचा प्रोजेक्ट उघडा, जिथे हमखास अडकतं तो भाग टाइमलाइनवर चालवा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयू, मेमरी, डिस्क आणि जीपीयू असे आलेख दिसतात. जीपीयूवर क्लिक केलं की आत आणखी छोटे आलेख येतात, त्यातला ‘व्हिडिओ डिकोड’ आपल्या कामाचा.

सीपीयू शंभर टक्क्यांना टेकलाय आणि व्हिडिओ डिकोड शून्यावर झोपलाय, तर फुटेज उलगडण्याचं सगळं ओझं एकट्या प्रोसेसरवर पडतंय. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. डिस्क शंभर टक्के दाखवत असेल तर दोष हार्ड डिस्कचा. कलर ग्रेडिंग किंवा नॉइज रिडक्शन लावल्यावरच अडकत असेल आणि तेव्हा जीपीयूचा ‘३डी’ आलेख छताला लागत असेल, तर कितीही महागडा प्रोसेसर आणा, फरक पडायचा नाही.

माझ्याकडे ‘प्रोसेसर बदलून द्या’ म्हणून जी मशीन येतात, त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये आठ जीबीची एकच रॅम स्टिक असते आणि फुटेज यूएसबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवरून थेट चालवलं जात असतं.

टाइमलाइन अडकणं आणि एक्स्पोर्टला वेळ लागणं, हे एकच दुखणं ना?

नाही, आणि पैसे वाया जातात ते बहुतेक या गैरसमजामुळेच.

कॅमेरा किंवा मोबाइल जी फाइल देतो ती एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतींत दाबून बसवलेली असते. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एखादी फ्रेम पूर्ण असते आणि तिच्या पुढच्या अनेक फ्रेम फक्त ‘आधीपेक्षा काय बदललं’ एवढंच सांगतात. तुम्ही टाइमलाइनवर मध्येच कुठेतरी क्लिक केलं की सॉफ्टवेअरला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून सगळा हिशोब मांडत यावं लागतं. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम असेल तर हा हिशोब एका वेळी तीनदा. टाइमलाइन अडकते ती इथे.

एक्स्पोर्टमध्ये हे उलगडणं असतंच, शिवाय इफेक्ट लावणं आणि पुन्हा दाबून फाइल बनवणंही येतं. ते रात्रभर चाललं तरी फारसं बिघडत नाही; मशीन चालू ठेवून झोपता येतं. टाइमलाइन अडकली तर मात्र माणूस खुर्चीत बसून वाट बघत राहतो. बजेट मोजकं असेल तर आधी टाइमलाइनचा विचार करा, एक्स्पोर्ट नंतर बघू.

काहीही विकत न घेता फरक पडेल असं काही आहे का?

आहे: प्रॉक्सी. मूळ फुटेजची हलकी प्रत बनवायची, तिच्यावर एडिट करायचं, एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइल घेतं. प्रीमियर प्रोमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून ‘क्रिएट प्रॉक्सीज’ आणि डाविंची रिझॉल्व्हमध्ये ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’. फॉर्मॅट मात्र प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी निवडा. यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे जुना चार कोअरचा प्रोसेसरही ती सहज चालवतो. प्रॉक्सी पुन्हा एच.२६४ मध्येच बनवली तर वरचंच दुखणं थोडं सौम्य होऊन परत येतं.

जागा लागते, हे खरं. फुल एचडी, २५ फ्रेमच्या प्रोरेस प्रॉक्सीला साधारण ३८ मेगाबिट प्रतिसेकंद, म्हणजे तासाभराच्या फुटेजला १७ जीबीच्या आसपास. लग्नाचं सहा तासांचं फुटेज धरलं तर शंभर जीबी. काम डिलिव्हर झालं की प्रॉक्सी उडवून टाका.

आज हळद, उद्या लग्न, परवा रिसेप्शन आणि त्याच रात्री हायलाइट्स द्यायचे असं काम असेल, तर प्रॉक्सी बनवायलाही वेळ नसतो. मग हार्डवेअरला हात घालावा लागतो.

माझा कॅमेरा १०-बिट ४:२:२ शूट करतो. मोबाइलचं ४के छान चालतं, याचं का नाही?

मोबाइलचं फुटेज ४:२:० असतं. ते उलगडण्याचं तयार सर्किट गेल्या काही वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक ग्राफिक्स चिपमध्ये असतं. ४:२:२ मध्ये रंगाची माहिती जास्त असते, ग्रेडिंगला ती बरी पडते, पण ती उलगडणारं सर्किट अनेक वर्षं फार थोड्या चिपमध्ये होतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांत ते नाही. म्हणून आरटीएक्स ३०६० असूनही सोनी ए७ फोर किंवा कॅनन आर६ चं फुटेज अडकतं आणि मालक डोकं धरून बसतो.

डेस्कटॉपवर स्वस्तातला मार्ग म्हणजे इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचा, आतमध्ये ग्राफिक्स असलेला प्रोसेसर. त्यातलं क्विक सिंक, म्हणजे इंटेलचं व्हिडिओचं सर्किट, एच.२६५ चं १०-बिट ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडतं. आय५-१२४०० सारखा मधल्या फळीतला प्रोसेसर या एका कामात त्याच्यापेक्षा कितीतरी महाग, पण हे सर्किट नसलेल्या प्रोसेसरला मागे टाकतो. मात्र तेच ४:२:२ एच.२६४ मध्ये शूट केलेलं असेल तर आय५-१२४०० चं क्विक सिंकही हात वर करतं. सोनीत एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५ आणि एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४. कॅमेऱ्याच्या मेनूत काय निवडलंय ते आधी तपासा.

एच.२६४ चं ४:२:२ च चालवायचं असेल तर २०२५ मध्ये आलेली आरटीएक्स ५० मालिका दोन्ही प्रकार हार्डवेअरमध्ये घेते. अशा वेळी प्रोसेसर तसाच ठेवून ग्राफिक्स कार्डावर पैसे घातलेले बरे. एएमडीचं मशीन असेल तर इंटेलचं छोटं आर्क ए३८० कार्ड नुसतं डिकोडिंगसाठी लावणारेही आहेत. कल्पना वाईट नाही, फक्त बोर्डावर दुसरा स्लॉट मोकळा हवा.

माझ्याकडे बी४५० बोर्ड आणि रायझन ५ २६०० आहे. काय घेऊ?

तुम्ही नशीबवान आहात. एएमडीने एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) इतकी वर्षं चालवलं की २०१८ च्या बोर्डावर २०२२ चा प्रोसेसर बसतो. बोर्ड तेच, रॅम तीच, फक्त प्रोसेसर नवा. कमी खर्चात इतका मोठा फरक दुसरीकडे कुठे मिळत नाही.

माझं उत्तर: रायझन ७ ५७००एक्स. आठ कोअर, सोळा थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारी कामं) आणि टीडीपी, म्हणजे उष्णतेचं ढोबळ माप, ६५ वॉट, म्हणजे २६०० इतकाच. साध्या बी४५० बोर्डाचा वीजपुरवठा विभाग, ज्याला व्हीआरएम म्हणतात, त्याला हा सहज पेलतो. प्रोसेसरवरच चालणाऱ्या रेंडरमध्ये २६०० च्या जवळपास दुप्पट वेग मिळतो, कारण कोअर वाढतात आणि प्रत्येक कोअरही बराच वेगवान होतो. ५८००एक्समध्येही आठच कोअर आहेत, टीडीपी मात्र १०५ वॉट. थोड्याशा वेगासाठी एवढी उष्णता कशाला विकत घ्यायची?

बजेट आणखी ताणलेलं असेल तर रायझन ५ ५६००. फुल एचडी आणि एका कॅमेऱ्याच्या ४के कामाला तो पुरतो आणि बॉक्समध्ये कूलर मिळतो. ५७००एक्सबरोबर कूलर येत नाही, तो खर्च हिशोबात धरा. ५५०० दिसायला ५६०० चा धाकटा भाऊ वाटतो, पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) निम्मी, १६ एमबी आहे. किमतीतला फरक किरकोळ असेल तर ५६०० च घ्या. नावाच्या शेवटी ‘एक्स३डी’ असलेले प्रोसेसर गेमिंगसाठी आहेत. त्यांची जादा कॅश गेममध्ये कमाल करते, एडिटिंगला तिचा फारसा उपयोग नाही.

बारा-सोळा कोअरचे ५९००एक्स, ५९५०एक्सही याच सॉकेटमध्ये बसतात. पण स्वस्त बोर्डावर, बंद कपाटासारख्या केसमध्ये तासभर रेंडर चालवलं की व्हीआरएम तापतो आणि वेग खाली येतो. चांगला बोर्ड, मोठा कूलर आणि हवेशीर केस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

ए३२० बोर्डावर चालेल का?

एएमडीने २०२२ मध्ये ३००-मालिकेच्या बोर्डांवरही रायझन ५००० ला परवानगी दिली. तरी प्रत्येक कंपनीने प्रत्येक मॉडेलसाठी बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) काढलाच असं नाही. बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन नंबर सीपीयू-झेड या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मेनबोर्ड’ टॅबवर दिसतो. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची ‘सीपीयू सपोर्ट’ यादी उघडा आणि तुम्हाला हवा तो प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो ते वाचा. यादीत नाव नसेल तर दुकानदाराच्या ‘चालतो हो, टाका बिनधास्त’वर पैसे मोजू नका. यादीत असला तरी ए३२० वर ६५ वॉटच्या पुढे जाऊ नये, हे माझं मत.

इंटेलचं मशीन आहे. त्याच बोर्डावर पुढचा प्रोसेसर बसेल?

इंटेल सॉकेट लवकर बदलतं, त्यामुळे पिढी बघूनच बोलावं लागतं.

चौथी पिढी किंवा त्याआधीची असेल तर विषय संपला. तिथे डीडीआर३ रॅम आहे, एक पैसाही घालू नका. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठवी-नववी बसत नाही. सॉकेटचं नाव दोन्हीकडे एलजीए११५१ च आहे आणि प्रोसेसर आत बसतोसुद्धा, पण मशीन सुरू होत नाही. या नावाच्या घोळात अनेक जण फसलेत.

आठवी-नववी पिढी, समजा आय५-८४००, असेल तर आय७-९७०० बसवता येतो. पण जुन्या बाजारात त्याचा भाव अजून ताठ असतो आणि ४:२:२ चा प्रश्न तसाच राहतो. मी तरी ते पैसे नव्या बोर्डाकडे वळवीन.

दहावी पिढी, उदाहरणार्थ आय३-१०१०० आणि एच४१० बोर्ड: जुन्यात आठ कोअरचा आय७-१०७०० मिळाला तर चांगला फरक पडतो. अकरावी पिढी एच४१० आणि बी४६० वर चालत नाही. एच५१० किंवा बी५६० बोर्ड असेल तर चालते, आणि मग आय५-११४०० नेही ४:२:२ ची सोय होते.

बारावी, तेरावी, चौदावी या तिन्ही पिढ्या एलजीए१७०० वर. आय३-१२१०० असेल तर बायोस अपडेट करून आय५-१३४०० पर्यंत आरामात जाता येतं. नवं मशीन जोडताना क्विक सिंकसाठी आय५-१२५०० चाही विचार करा. त्याच्या ग्राफिक्समध्ये व्हिडिओची दोन इंजिनं आहेत, १२४०० मध्ये एक.

मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ असलेला स्वस्त पडतो. घेऊ का?

एडिटिंगसाठी नको. ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, आणि ग्राफिक्स बंद म्हणजे क्विक सिंकही नाही. दुकानदार म्हणेल, ग्राफिक्स कार्ड आहे ना, मग काय करायचंय? गेमिंगवाल्याला तो बरोबर सांगतोय, तुम्हाला नाही.

उलट, बिना-एफ प्रोसेसर घेऊनही एक खबरदारी हवी. ग्राफिक्स कार्ड लावलं की अनेक बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये ‘आयजीपीयू मल्टि-मॉनिटर’ किंवा तशाच नावाचा पर्याय शोधून तो चालू करा. मग टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू शून्य आणि जीपीयू एक असे दोन दिसायला लागतील. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘मीडिया’खाली हार्डवेअर डिकोडिंगवर टिक आहे ना, तेही बघून घ्या.

एएमडीवाल्यांनी वेगळं ध्यानात ठेवायचं: ५६०० किंवा ५७००एक्समध्ये ग्राफिक्स नाही. आज रायझन ३ ३२००जी वर कार्डाशिवाय काम चालू असेल आणि तिथे ५६०० बसवला, तर स्क्रीन काळीच राहील. कार्ड घ्यायचंच नसेल तर ५६००जी घ्या.

झिऑनचे अठ्ठावीस थ्रेडचे सेट इतके स्वस्त कसे मिळतात?

ते सर्व्हरमधून निवृत्त झालेले प्रोसेसर आहेत. ई५-२६८० व्ही४ सारखा चौदा कोअरचा प्रोसेसर २०१६ चा. तो एक्स९९ म्हणून विकल्या जाणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या बोर्डावर बसवून देतात. कोअर खूप आहेत पण एकेक कोअर संथ, टर्बो जेमतेम ३.३ गिगाहर्ट्झ. क्विक सिंक नाही. टाइमलाइनवर जी चपळाई लागते ती यात नाही. विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही हे बसत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ब्लेंडरमध्ये फक्त सीपीयूवर रेंडर करणाऱ्याला कदाचित परवडेल. लग्नाच्या एडिटरला नाही.

जुना प्रोसेसर घेणं धोक्याचं आहे का?

जुन्या बोर्डापेक्षा आणि जुन्या पॉवर सप्लायपेक्षा बराच कमी. प्रोसेसर सहसा मरत नाही. एएम४ प्रोसेसरच्या पोटाखाली पिना असतात. त्या उजेडात तिरक्या धरून बघा, एखादी रांगेतून बाहेर गेलेली लगेच कळते. शक्य असेल तर विकणाऱ्याच्याच मशीनवर सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी दहा मिनिटं चालवून घ्या.

दोन बाबतींत सांभाळा. ब्रँडेड ऑफिस पीसीतून काढलेले काही रायझन प्रो प्रोसेसर त्या कंपनीच्या बोर्डाला कुलूपबंद झालेले असतात, दुसऱ्या बोर्डावर ते चालूच होत नाहीत. दुसरं म्हणजे इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरचे प्रोसेसर, विशेषतः आय७ आणि आय९ चे ‘के’ मॉडेल. जादा व्होल्टेजमुळे ते हळूहळू अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं, ऑगस्टपासून बायोसद्वारे दुरुस्त्या दिल्या आणि बॉक्स प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटमुळे पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून येत नाही. बिल आणि वॉरंटी शिल्लक नसेल तर असा जुना आय९ सोडून द्या.

कूलर आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलावा लागेल का?

६५ वॉटच्या प्रोसेसरला ब्रँडेड ४५० किंवा ५५० वॉटचा एसएमपीएस पुष्कळ झाला. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याच्या गरजेनुसार वाढवा. केसबरोबर फुकट आलेला, उचलला की पिसासारखा हलका लागणारा एसएमपीएस मात्र बदलाच, तोही प्रोसेसरच्या आधी.

कूलरचं गणित खोलीवर अवलंबून आहे. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मुंबईतल्या एसी स्टुडिओत ७० अंशांवर चालणारं मशीन मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात, पत्र्याखालच्या खोलीत, त्याच कूलरवर ९० पर्यंत चढतं. ५७००एक्सला चार हीटपाइपचा साधा टॉवर कूलर लावा, वॉटर कूलिंगची गरज नाही. केसच्या पुढच्या बाजूला हवा आत घेणारा एक पंखा हवाच. पुढची काच फोडायला नको, पण जाळीचा केस मिळत असेल तर आरजीबीच्या काचेवर भुलू नका.

रॅम किती?

फुल एचडीला १६ जीबी, ४के ला ३२. आफ्टर इफेक्ट्स चालवत असाल तर ३२ हा सुरुवातीचा आकडा समजा. एकाच स्टिकऐवजी दोन सारख्या स्टिक घ्या आणि चार स्लॉटच्या बोर्डावर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा, म्हणजे ड्युअल चॅनेल मिळेल. नंतर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू करा, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालेल. ३२०० ची रॅम विकत घेऊन वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर चालवणारे बरेच भेटतात.

२०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव जोरात चढले. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटच्या मशीनला डीडीआर५ च लागते. हातातली डीडीआर४ वापरता येणं हाच जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवण्यातला मोठा फायदा ठरलाय.

जेन ४ एनव्हीएमई (जास्त वेगाची एसएसडी) घेतली तर टाइमलाइन सुधारेल?

हिशोब करून बघा. १०० मेगाबिटचं ४के फुटेज म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. तीन कॅमेरे धरले तर साडेसदतीस. साधी साटा एसएसडी सेकंदाला पाचशे एमबी देते. त्यामुळे अशा फुटेजसाठी साटा आणि महागडी एनव्हीएमई यांतला फरक तुम्हाला जाणवणार नाही. हार्ड डिस्क मात्र एकाच वेळी तीन फाइल वाचताना इकडून तिकडे उड्या मारत बसते आणि तिथेच गाडं अडतं. चालू काम एसएसडीवर, झालेलं काम हार्ड डिस्कवर.

प्रीमियर की रिझॉल्व्ह, यावर प्रोसेसरची निवड ठरते का?

बऱ्याच अंशी. प्रीमियर प्रोसेसर आणि क्विक सिंक या दोन्हींवर झुकतं. रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डावर झुकतं. चार जीबी व्हीरॅमवर (कार्डावरच्या मेमरीवर) ४के मध्ये तोंडाला फेस येतो. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत हार्डवेअर डिकोडिंग आणि १०-बिट फॉर्मॅटवर मर्यादा आहेत. पूर्ण सोय स्टुडिओ आवृत्तीत मिळते, आणि ती एकदाच घ्यावी लागते, दर महिन्याला भाडं नाही. रिझॉल्व्हवर रोज काम करणाऱ्याने प्रोसेसरसाठी ठेवलेले पैसे आधी स्टुडिओच्या लायसन्सला लावून पाहावेत. अनेकदा मशीन उघडावंही लागत नाही.

ग्राफिक्स कार्डाबद्दल एकच सूचना: जीटी ७१० वर ‘४ जीबी’ लिहिलेलं असलं तरी ते एच.२६५ उलगडत नाही, आणि जीटी १०३० मध्ये एन्कोडरच (व्हिडिओ दाबून फाइल बनवणारं सर्किट) नाही. दोन्ही फक्त डिस्प्ले दाखवण्यापुरती.

घरच्या घरी प्रोसेसर बदलता येईल?

येईल, अर्ध्या तासाचं काम आहे. क्रम चुकू देऊ नका.

जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अपडेट करा. नवा बसवल्यावर स्क्रीन आलीच नाही तर अपडेट करणार कुठून? पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून बायोसची फाइल टाका. काही बोर्डांना थेट शेवटची आवृत्ती चालत नाही, मधली एक टाकावी लागते; डाउनलोड पानावरची बारीक अक्षरं वाचा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड मरू शकतो, तेव्हा यूपीएसवरच करा आणि भारनियमनाची वेळ टाळा.

विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर तो आधी थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. एएमडीचा एफटीपीएम (अशा कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) प्रोसेसरशी बांधलेला असतो. नवा प्रोसेसर बसवून मशीन सुरू केलं की काळ्या स्क्रीनवर नवा सीपीयू सापडला, एफटीपीएम रीसेट करायचा का, असं विचारून ‘वाय’ किंवा ‘एन’ दाबायला सांगतात. लोक इथे घाबरतात. बिटलॉकर बंद असेल किंवा की हाताशी असेल तर ‘वाय’ दाबा आणि पुढे चला.

एएम४ चा कूलर काढताना घाई नको. पेस्ट वाळलेली असते आणि कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर कुलूपबंद सॉकेटमधूनही उपटून बाहेर येतो, पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं रेंडरवर चालवा, बंद करा, वायर काढा आणि पेस्ट मऊ असतानाच कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. नवा प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आला की तो आपल्या वजनाने आत बसतो. दाबावा लागला तर काहीतरी चुकतंय. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

विंडोजचं लायसन्स जाईल का?

फक्त प्रोसेसर बदलल्याने सहसा नाही. ते मुख्यतः मदरबोर्डाशी जोडलेलं असतं. बोर्ड बदलणार असाल तर आधी लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवा.

कुठून घ्यावं? बिल हवंच का?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार दुकानांत भाव विचारून मग ऑनलाइन भाव बघा, किंवा उलट करा. विचारताना ‘बॉक्स की ट्रे?’ हे नक्की विचारा. बॉक्समधल्या प्रोसेसरला इंटेल आणि एएमडी दोघांचीही तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेचा, म्हणजे बॉक्सशिवायचा सुटा, स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी दुकानदार देईल तेवढीच. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. १८ टक्के जीएसटी चुकवायला कच्चं बिल घेतलं तर वॉरंटीच्या वेळी हात हलवत परत यावं लागतं. स्टुडिओची जीएसटी नोंदणी असेल तर तो कर क्रेडिटमध्ये घेताही येतो.

लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो का?

आजकालच्या लॅपटॉपमध्ये नाही. तो बोर्डावर डकवलेला असतो. रॅम आणि एसएसडी बघा.

यापेक्षा मॅक मिनीच घेतला तर?

बोर्ड, प्रोसेसर, रॅम, कार्ड असं सगळंच बदलायची वेळ आली असेल तर प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर २०२४ मधला एम४ मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांपासून आला, १६ जीबी मेमरीसह. एच.२६५ चं ४:२:२ तो हसत चालवतो आणि वीजही कमी खातो. आतली जागा २५६ जीबीच, त्यामुळे बाहेरची एसएसडी घ्यावी लागते आणि मेमरी पुढे कधीच वाढवता येत नाही. पण बी४५० सारखा बोर्ड हातात असेल तर एवढे पैसे घालायचं कारण मला दिसत नाही.

बदलल्यावर फरक पडला की नाही, कसं कळेल?

बदलण्याआधीच एक प्रोजेक्ट ठरवून ठेवा, पाच मिनिटांची तीच टाइमलाइन, तीच एक्स्पोर्ट सेटिंग, आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. बदलल्यावर तेच पुन्हा करा. सोबत एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून तापमान बघा. एक्स्पोर्टच्या सुरुवातीला वेग चांगला आणि दहा मिनिटांनी घड्याळाचा वेग पडायला लागला, तर कूलर नीट बसलेला नाही किंवा केसमध्ये हवा खेळत नाही. चारही स्क्रू सारखे आवळलेत ना आणि कूलरखालचं प्लास्टिक काढलंय ना, हे आधी बघा. ते प्लास्टिक तसंच ठेवून आणलेली मशीन दर मोसमात येतात.